शिंपल्याला दिलेला ताण

जानराव म्हणजे भयंकर चिडका माणूस, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी म्हणते, त्यांना चिडायला लावणारी माणसं आमच्याच घरात होती. त्यात मीही आले.

बडनेऱ्याला रेल्वेत त्यांनी एकतीस वर्षं पाणी तपासलं. निवृत्त झाल्यावर मीठ कालवून समुद्राचं पाणी तयार करायला शिकले, तेही समुद्र एकदाही न पाहता! अमरावतीच्या आमच्या बैठकीतली प्रवाळांची काचेची टाकी सांभाळायला ते रोज येत; ती त्यांच्याच जिवावर चालायची. माझे सासरे नत्थुजी त्यांना मासेवाला म्हणत. "मासेवाला मासे विकते," जानराव तोंडावर सांगत, "मी पाणी सांभाळतो."

माझ्या नवऱ्याचा, किशोरचा, वरूडला संत्र्याचा बगीचा आहे. मोबाइलवर त्यानं निळाशार महाशिंपला पाहिला आणि हट्टच धरला. परदेशात शिंपल्यांच्या शेतीत वाढवलेला, तळहाताएवढा, कागदपत्रांसकट मागवला. जानरावांनी तो वरच्या दगडावर, दिव्याच्या बरोबर खाली बसवला. थोड्याच दिवसांत त्यानं तळाच्या बारीक धाग्यांनी दगड घट्ट धरला.

"आता याले कोणी हलवाचं नाई," जानरावांनी दम दिला. "ओढला त पाय फाटते त्याचा. मरते मंग."

पण सोफ्यावरून तो कातासारखा तपकिरीच दिसायचा. किशोरची धुसफूस सुरू झाली.

"रंग वरून दिसते, किशोरभाऊ. स्टुलावर चढून पाहा."

"घरी आलेल्या पावण्याले स्टुलावर चढवू काय?"

किशोर चढला नाही. मी चढले. वाकताच शिंपला फटकन मिटला.

"सावली नका पाडू, ताई. त्याले वाटते कोणी खायले आलं."

मी बाजूला सरकून श्वास रोखून उभी राहिले. हळूहळू तो उघडला. मोरपंखी निळा, कडेला हिरवे ठिपके. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्या घरात इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज पोळ्या झाल्या की मी स्टुलावर चढायचे.

मे महिन्यात जानरावांच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं, ऑपरेशन निघालं आणि ते अकोल्याला गेले. किशोर तेव्हा मृग बहारासाठी बगीच्याचं पाणी तोडून, म्हणजे झाडांना ताण देऊन, आला होता. टाकीसमोर उभा राहून म्हणाला, "संत्र्याले ताण देल्ला की झाड कसं फुलते! यालेही देऊन पाहू, रंग खुलते काय. त्याले दीड महिना लागते, याले बारा दिवस बस झाले." दिवा बंद केला आणि टाकीवर गोणपाट टाकलं.

मी म्हणाले, "जानरावकाकांना विचारा तरी."

"ते काय बगीचा पिकवतेत काय?"

संपलं. मी पुढे एक शब्द बोलले नाही. आजही ते आठवलं की राग येतो, किशोरचा कमी आणि माझा स्वतःचा जास्त.

जानराव रोज संध्याकाळी दवाखान्यातून मला फोन करत. "ताई, शिंपला उघडते ना?" किशोर समोर बसलेला असे. मी म्हणे, "हो काका, सगळं ठीक आहे." असं बारा दिवस.

तेराव्या दिवशी ते आले. गोणपाट ओढून भिरकावलं, दिवा लावला. शिंपला आ वासून पडला होता. आतलं निळं मांस आक्रसून मळक्या फडक्यासारखं झालं होतं.

"कोनं केलं हे?"

"ताण देल्ला," किशोर म्हणाला.

जानरावांचा आवाज थेट फाटकापर्यंत गेला. "संत्र्याले ताण देता तवा तुमी पाणी तोडता, ऊन तोडता काय? हा उजेडावर जगते! बारा दिवस उपाशी मारला तुमी त्याले!"

मग त्यांनी शिंपल्यावर हाताची सावली धरली. तो मिटला नाही. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुमीही पाहा, ताई."

मी स्टुलावर चढले आणि अगदी पाण्याजवळ हात नेला. माझी सावली त्याच्यावर पडली. तो मिटला नाही.

किशोर एव्हाना मोबाइल काढून बसला होता. "जाऊ द्या, दुसरा बोलावतो. आपलं पाणी बरोबर हाये ना?"

जानरावांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि चपला घातल्या.

"ताईले पुसा," ते म्हणाले. "त्या सांगतीन, सगळं ठीक हाये."