कोणाचं अडतं?

१२ एप्रिल, रविवार. सकाळचं काम: बेसिनखालची तुंबलेली बाटली काढून साफ करणे. ही बाटली म्हणजे बेसिनखाली लटकणारा प्लास्टिकचा पेला. त्यात घरातल्या सगळ्यांचे केस जमतात आणि विचारलं तर ते कोणाचेच नसतात. द्वारका चौकाजवळ आमचं नळ-पाइपांचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या घरी प्लंबरला बोलावत नाहीत; मलाच हाक मारतात.

अकरा वाजता मनमाडहून पाहुणे येणार होते, माझ्या भाचीला पाहायला. चांदवडजवळ माझ्या भावाची कांद्याची शेती आहे. त्याची ही मुलगी शिकायला माझ्याकडे आली आणि इथल्याच एका दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर लागली. ज्यांच्या किडन्या थकल्या त्यांचं रक्त मशीनमधून साफ करून त्यांना परत द्यायचं, हे तिचं काम. पहाटे उठते, रात्रपाळीही करते, आणि आल्यावर न जेवता झोपते.

मुलगा व्हिडिओ बनवायचा. म्हणजे तोच त्याचा धंदा. भाऊ-वहिनी आदल्या दिवशीच आले होते, आणि वहिनी हवेत होती.

"लाखभर लोक बघतात त्याला. आमच्या गल्लीतल्या बायाबी बघतात."

"बघून काय करतात?"

"काय करतात म्हंजी? बघतात!"

पाहुण्यांची अट एकच होती. लग्नानंतर जोडीनं व्हिडिओ करायचे, त्यामुळे मुलीनं नोकरी सोडायची. वहिनीला मान्य होतं. वहिनीला मान्य ते भावाला मान्य. भाची मात्र काहीच बोलत नव्हती, आणि मला धास्ती होती ती याचीच. रात्रपाळीनं डोळे सुजलेल्या मुलीला 'घरी बस आणि हस' असं कोणी म्हटलं, तर ते गोड लागणारच.

मुलगा वेळेवर आला. सोबत आई आणि रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झालेले वडील. पोरगा वागायला चांगला, हे आधी सांगते. पांढरी पँट, हसरा चेहरा. माझ्या दोनदा पाया पडला, कारण पहिल्यांदा फोनचा कॅमेरा चालू नव्हता.

आमच्या वेळी मुलीला चालून दाखव म्हणायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे. यानं टीव्हीशेजारी गोल दिवा उभा केला आणि म्हणाला, "तुम्ही फक्त 'हाय फॅमिली' म्हणायचं आणि हसायचं. सोपं आहे." भाचीनं म्हटलं. हसलीही. वाईट गोष्ट ही, की छान हसली.

मग आपल्याकडच्या कार्यक्रमात येतो तो प्रश्न आला. मुलाचे वडील म्हणाले, "तुमाला काही विचारायचं असंल मुलाला, तर विचारा." हा प्रश्न विचारायचा असतो आणि मुलीकडच्यांनी "छे छे, काय विचारायचं" म्हणून चहा पुढे करायचा असतो. भावानं कप उचललासुद्धा.

"मला विचारायचंय," मी म्हटलं. वहिनीनं माझ्या पायावर पाय दिला. "तू एखाद्या सकाळी उठलाच नाहीस, तर कोणाचं अडतं?"

"आत्या, रोज काही टाकलं नाही तर लगेच व्ह्यूज कमी होतात."

"ते तुझं अडलं. दुसऱ्या कोणाचं?"

त्यानं खरंच विचार केला. "लोक वाट बघतात."

"किती वेळ?"

"थोडा वेळ. मग दुसऱ्या कोणाचं तरी बघतात."

वडील बशीत फुर्रकन हसले. "मी एकदा उठलो नव्हतो, तर सायेब सवता घरी आलता उठवायला."

"तुम्ही गप बसा," त्यांची बायको म्हणाली.

मुलानं भाचीकडे पाहिलं. "आणि तुम्ही नाही उठलात तर?"

"मग पेशंट बाकावर बसून राहतात," ती म्हणाली. "अंगात पाणी भरलेलं असतं. आडवं पडलं की दम लागतो, म्हणून बसूनच राहतात."

"दुसरी कोणी करील की," वहिनी म्हणाली.

खाणं झाल्यावर मुलगा हात धुवायला बेसिनकडे गेला. बाटली मी परत बसवली होती. तिचा आटा घट्ट करायचा राहिला की राहू दिला, याबद्दल मी आजवर कोणाजवळ काही बोललेले नाही.

"आत्याऽऽ!"

आम्ही धावलो. बाटली निखळून पडली होती, बेसिनचं सगळं पाणी त्याच्या पांढऱ्या पँटवर आणि तिथून फरशीवर पडत होतं. शेजारीच वर्षाच्या गव्हाचं पोतं, कालच आणलेलं. नळ पूर्ण सोडलेला आणि साहेबांच्या हातात फोन. "फॅमिली, बघा! मुलगी बघायला आलो आणि पूर आला!" त्यानं फोन वहिनीकडे वळवला, तशी वहिनीनं पदर नीट केला. वडील बादली शोधत होते.

भाचीनं त्याच्या कोपराखालून हात घातला आणि नळ बंद केला.

"अरे थांबा ना! बंद करतानाचं आलंच नाही. परत एकदा सोडा, दोनच सेकंद."

"नळ परत सोडू?"

"दोनच सेकंद."

तिनं पुसायचं फडकं त्याच्या हातात दिलं. "आधी हे धरा." त्यानं धरलं, खोटं कशाला बोलू. दोन बोटांत धरलं आणि फोन कुठे ठेवावा म्हणून कोरडी जागा शोधू लागला. तोवर तिनं आणि त्याच्या वडिलांनी पोतं ओढून बैठकीत आणलंही होतं.

पाहुणे गेल्यावर भाची आईला म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही. नोकरीसकट करून घेणारं कोणी असेल तर बघा."

"अगं पण लाख लोक बघतात त्याला!"

"त्यातलं कोणीच फडकं घेऊन आलं नाही."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुमच्या घरचं पाणी लागलंय तिला." मी म्हटलं, लागलंय खरं, फरशी अजून ओली आहे. त्यावर ती जी रुसली ती रात्री जेवतानाही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं माझा सोडून सगळ्यांचा चहा केला. भाचीला मी स्कूटीवरून दवाखान्यात सोडलं. बाहेरच्या बाकावर माणसं बसलेलीच होती, भाची मला हात न करता आत पळाली. तिथूनच मी मनमाडला फोन लावला. मुलाच्या वडिलांनी उचलला. मुलगी नोकरी सोडायला तयार नाही, म्हणून सांगितलं. "नायच सोडावी तिनं," ते म्हणाले, "पण हे मी बोललो असं आमच्याकडं सांगू नका." या सगळ्यात दुकानाला उशीर झाला. पायरीवर दोन प्लंबर ताटकळत बसले होते. शटर वर जाईपर्यंत दोघांनी मला काय वाटेल ते ऐकवलं.