लोंबत्या धोतऱ्याचं झाड

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा कारखान्याची कॉलनी इतकी नवी होती, की भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता आणि सावली म्हणून कुठे नव्हती. आमच्या दोन खोल्यांपुढे जमिनीचा एक तुकडा होता, नुसता मुरूम. मी रत्नागिरीकडची, दाराशी झाड नाही हे मला पटेचना. तुळस लावली, अबोली लावली, शेजारणीकडून गवती चहा आणला. तरी अंगण उघडंबोडकंच दिसायचं.

एकदा पुण्याला यांच्या मामांकडे जेवायला गेलो होतो. परतताना एका बंगल्याच्या कुंपणाआड मी ते झाड पाहिलं. माणसाहून थोडं उंच, आणि अंगभर लांबलचक पांढरी फुलं, सगळी खाली तोंड करून लोंबणारी. दिसायला धोतऱ्यासारखीच, पण धोतरा वर बघतो आणि ही जमिनीकडे. मी रस्त्यातच उभी राहिले.

"अहो, हे झाड मला पाहिजे."

"दुसऱ्याच्या कुंपणातलं?" हे म्हणाले. पण आत पाणी घालणाऱ्या माळ्याला यांनीच हाक मारली, आणि त्याने जवळची एक रोपवाटिका सांगितली.

रोपवाटिकेचे मालक टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ होते. स्थळाची चौकशी करावी तसे त्यांनी आम्हाला प्रश्न विचारले. घरात लहान मूल आहे का? दारात शेळ्या, गुरं येतात का?

"मी याला लोंबता धोतरा म्हणतो," ते म्हणाले. "पानापासून बीपर्यंत सगळं विषारी. हात लावलात की हात धुवायचे. फुलं झोपायच्या खोलीत न्यायची नाहीत. आणि खोडाला बेचकं फुटेपर्यंत फूल येत नाही, तेव्हा घाई करायची नाही."

एवढं ऐकवून त्यांनी एका डब्यात लावलेली काठी आमच्या हातात ठेवली. टोकाला दोन पानं, बस्स. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, "वांगं का हो?" हे खिडकीबाहेर बघत हसत राहिले.

मुरमात खड्डा घ्यायला यांनी शेजाऱ्यांची पहार आणली. खतासाठी मी आमच्या दूधवाल्या मावशींना शेण मागितलं. त्या भोसरीच्या, दोन म्हशींच्या मालकीण, आणि रोज दुधाबरोबर चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जात नसत. पाटी घेऊन आल्या, काठीकडे बघितलं आणि पाटी खाली ठेवायचं नावच घेईनात.

"बाई, ह्यो धोतरा हाय. इखाच्या झाडाला माझ्या म्हशीचं शेण? न्हाई बाई!"

"मावशी, फुलं फार सुंदर येतात."

"सुंदर आसंल, पन म्हशीनं तोंड घातलं तर?"

म्हणून यांनी कारखान्यात रीतसर मागून खोक्यांच्या जुन्या फळ्या आणल्या आणि भोवती कुंपण ठोकलं. मावशींनी ते हलवून बघितलं, आणि मगच शेण दिलं.

झाड विलक्षण तहानलेलं. भाजीचं, तांदळाचं सगळं धुवण त्यालाच. दुपारी पानं अशी मान टाकायची की पहिल्यांदा मला रडायलाच आलं. संध्याकाळी बघते तर पुन्हा ताठ. मावशी म्हणाल्या, "ह्येचं रोजचं नाटक हाय, तुमी नका मनाला लावून घेऊ." अळ्या पडल्या तेव्हा तंबाखूचं पाणी शिंपडायला त्यांनीच शिकवलं. काठीचं झाड झालं, माझ्या खांद्याला लागलं, पण फूल नाही.

त्यातच मला दिवस गेले आणि सासूबाई गावाहून आल्या. आल्याआल्या त्यांनी झाडाची माहिती काढली, आणि ती द्यायला मावशी होत्याच.

"विषाचं झाड? दारात? आणि अशा अवस्थेत?" सासूबाई यांच्याकडे वळल्या. "उद्याच्या उद्या उपट!"

हे झाडाकडे गेले, वाकले आणि तसेच थांबले. "आई, बेचकं फुटलंय. एकदा फूल बघू, मग उपटतो."

बेचक्यात हिरव्या शेंगेसारखी कळी धरली होती. ती रोज लांबत गेली. एका संध्याकाळी सासूबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आत होते. एकदम त्यांची हाक आली, "अगं, अत्तर सांडलंस का?"

बाहेर आले तर फूल उमललं होतं. सासूबाई कुंपणाशी उभ्या राहून, वाकून, मान वर करून त्याच्या आत बघत होत्या. मग म्हणाल्या, "महादेवाला चालेल का गं हे? खाली तोंड आहे त्याचं."

सकाळी मावशींनी निकाल दिला. "द्येवाला काय त्याचं? वाहताना सरळ धरा की!"

सोमवारी सासूबाईंनी स्वतः फूल तोडलं, पिंपरी गावातल्या महादेवाला वाहून आल्या आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. उपटायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट, मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा लेकाचं जेवण आणि झाडाचं पाणी दोन्ही त्यांनीच सांभाळलं.

लेकीला घेऊन मी परत आले तेव्हा झाड फुलांनी भरलं होतं. सगळी आळी संध्याकाळी आमच्या दारात जमायची. पण लेक पालथी पडायला लागली, आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. झाड हलवायचं असं मीच म्हणाले. सासूबाईंचा चेहरा उतरला, पण "खरंय" म्हणाल्या.

द्यायचं कुणाला? ज्या घरी मूल, त्या घरी नाही. ज्याच्याकडे गुरं, त्याला नाही. असं गाळता गाळता पलीकडच्या आळीतली तीन अविवाहित माणसं उरली. यांच्याच शिफ्टला होती. त्यांच्या अंगणात आजवर केरसुणी फिरली नव्हती. सासूबाईंनी तिघांना रांगेत उभं करून सगळे नियम ऐकवले आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतले. मग पावसाळी हवा बघून यांनी झाड छाटलं, मातीच्या गड्ड्यासकट काढलं आणि चौघांनी मिळून ते गोणपाटावरून उचलून नेलं.

झाड जगलं. अंगण झाडलं जायला लागलं, मग दारात एक बाकही आला. लोक आता तिकडे जमायला लागले, आणि वर्षाच्या आत तिघांपैकी एकाचं लग्न ठरलं. मुलीकडची मंडळी संध्याकाळी घर बघायला आली होती, आणि जाताना मुलीचे वडील म्हणाले म्हणे, "मुलगा घर नीट ठेवतो."

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की मांडीवरची लेकही हसायला लागली.