परंड्याचं नाव असलेला डबा

आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर गेली काही वर्षं एक स्टीलचा डबा होता. तो आमचा नव्हता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'मन्मथअप्पा, परंडा'. आमची नारळ-सुपारीची वाडी श्रीवर्धनजवळ, समुद्राकाठी. परंडा धाराशिव जिल्ह्यात. तो डबा आमच्याकडे आला तो चक्रीवादळामुळे.

वादळाचं वर्णन फार करत नाही. सकाळी वारा सुटला आणि दुपारपर्यंत घरावर कौल उरलं नव्हतं. सुपारीची झाडं कमरेतून मोडली होती. मागच्या दारातून थेट समुद्र दिसत होता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथून कधी समुद्र दिसला नव्हता, इतकी दाट वाडी. वीज गेली, फोन गेले, सरपण भिजलं. रस्त्यावरची झाडं कापून वाट झाली तेव्हा आमच्या आळीत पहिला टेम्पो आला तो परंड्याकडचा. त्यात ज्वारीच्या कडक भाकरी होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. पापडासारखी वाळवलेली ही भाकरी चुलीशिवाय खाता येते आणि टिकतेही. ओल्या सरपणाच्या गावाला याहून शहाणं अन्न कोणी पाठवलं नसतं. उजेड आहे तोवर घाट चढायला टेम्पो निघून गेला. डबा राहिला.

मग लांबलेली टाळेबंदी, मग छप्पर, मग नवी लागवड, मग माझा गुडघा. परवाच्या पावसाळ्यात टीव्हीवर परंडा भागातला पूर दाखवला. घरांच्या पत्र्यांवर माणसं बसलेली होती. मी फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. ज्या घराने आम्हाला जेवू घातलं ते घर कसं आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. तिकडचे रस्ते सुरू झाल्याचं कळलं आणि मी डबा भरून निघाले. भांडं रिकामं परत करायचं नसतं. आमच्या वाडीत वादळानंतर लावलेल्या झाडांना यंदा पहिली सुपारी आली होती. ती सोलून भरली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. श्रीवर्धनहून पुण्याला एसटी आहे, ताम्हिणी घाटाने दिवसा जा. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, घराबाहेर पडायला हे निमित्त पुरेसं आहे. पुण्यात मुक्काम करून सकाळच्या रेल्वेने कुर्डुवाडी गाठायची. पुढे परंड्याच्या एसटी मिळतात. सीना नदीच्या बाजूला बाभळींच्या शेंड्यांत उसाचं पाचट आणि फाटकी पोती अडकलेली दिसली. शेजारी बसलेल्या बाईने न विचारता सांगितलं, "तिथवर पानी हुतं. आमी बी बगितलं, तवा खरं वाटलं न्हाय."

मला लगेच खरं वाटलं.

परंड्यात लॉज साधा आहे. गरम पाणी मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागावं. संध्याकाळी किल्ला पाहिला. खंदक आणि तोफा सुरेख आहेत, पायऱ्यांवर मात्र जपून. खाणावळीत येसरची आमटी आणि भाकरी खाल्ली. येसर म्हणजे धान्यं भाजून केलेला मसाला. इतकी तिखट आमटी मी मुकाट्याने संपवली, कारण वाढणारी बाई माझ्याकडे बघत उभी होती.

सकाळी डब्यावरचं नाव विचारत गेले, तर अप्पांचं किराणा दुकान असल्याचं कळलं. दुकान सापडायला वेळ लागला नाही. सत्तरीचे गृहस्थ, कपाळावर भस्माचे पट्टे.

"मन्मथअप्पा आपणच का?"

"व्हय. काय देऊ बाई?"

"द्यायला मी आलेय. तुमचा डबा."

त्यांनी झाकण उजेडाकडे धरलं. "नाव माझंच हाय. डबा माझा न्हाय."

आतून त्यांच्या पत्नी हसत आल्या. "ह्यांनी निम्म्या तालुक्यात डबे वाटलेत. कुणाचंबी लगीन असू दे, नवं घर असू दे, ह्यांचा डबा ठरलेला. घरात मात्र आमाला डालड्याचे डबे."

आमच्या आळीत भांड्यावर नाव असतं ते मालकाचं, कार्यात भांडी मिसळू नयेत म्हणून. भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं ते डोक्यात मात्र आलं नाही. तालुकाभर वाटलेल्या डब्यांतला हा कोणाचा, आता कसं कळणार?

काकूंनी सुपाऱ्या एका परातीत ओतल्या आणि डबा सरळ पालथा केला. बुडाला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका होता. घासूनही न निघणारा डाग म्हणून मी त्यावर कितीदा काथ्या फिरवला होता.

"ही खूण कमलची," काकू म्हणाल्या. "ती सगळ्या भांड्यांना निळा ठिपका लावती."

"कमलचा नवरा शंकर, माझा दोस्त," अप्पा सांगू लागले. "नदीकाठी गाव हाय त्यांचं. नवं घर बांधलं तवा म्या दिलता हा." मग थोडा वेळ त्यांनी तराजूचं पारडं नुसतंच पुसलं. "घर न्हाय आता. माणसं वाचली, भांडी पार गेली. दोघं लेकीकडं हायेत, जळकोटला."

माणसं वाचली, एवढं ऐकून मी बाकावर बसले. अप्पांनी चहा मागवला. सुपाऱ्या परत डब्यात भरताना काकूंनी वर थोडा खवा ठेवला. "आमच्याकडनं बी घेऊन जा."

परंड्याहून बार्शी, येडशी, धाराशिव, तुळजापूर, जळकोट असा प्रवास केला. दिवस मोडतो, पण एसटी मिळत जातात. येडशीला रामलिंगाचं देऊळ जंगलात आहे, वेळ असेल त्यांनी थांबावं. मी थांबले नाही. धाराशिवच्या स्टँडजवळ गुलाबजाम खाल्ले, ते मात्र चुकवू नका.

जळकोट महामार्गावरच आहे. कमलबाईंची लेक सुजाता अंगणवाडीत काम करते. तिने "जय भीम" म्हणून पाणी दिलं. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली दोन खाटा. एका खाटेवर शंकरराव, दारात गवार निवडत कमलबाई.

मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा ओळखला. हातातली गवार टाकून डबा घेतला, कलता करून बुडाखालचा निळा ठिपका अंगठ्याने चोळला.

"हा म्याच लावलेला," त्या म्हणाल्या.

"पोत्यात भाकरी दे म्हनलं, तर न्हाय," शंकरराव खाटेवरून म्हणाले. "नवा कोरा डबा दिला समुद्राला."

"पोत्यात चुरा झाला असता. आन् घरातलं सगळं जपून ठिवलेलं कुठंय? दिलेला तेवढा ऱ्हायला. आता बोला."

सुजाता पदर तोंडाला लावून हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती आत गेली.

मी झाकण उघडून अप्पांचा खवा बाजूला केला आणि खालच्या सुपारीबद्दल सांगितलं. कमलबाईंनी एक हातात घेतली. "वारं थांबल्यावर पैल्यांदा काय केलंत तुमी?"

"चूल शोधली."

"आमीबी."

एवढ्यावर आम्ही दोघी मिळून गवार निवडायला बसलो. त्यांच्या घराचा पाया शाबूत आहे, उन्हाळ्यात भिंती उभ्या करणार आहेत. पहिलं भांडं कोणतं घरात न्यायचं, ते आता ठरलं आहे. भिंतीसाठी काही लागलं तर कळवा, असं मी बजावून सांगितलं. त्यांनीही "कळवू" म्हटलं, उगाच नको-नको केलं नाही. मला ते फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघताना कमलबाईंनी कडक भाकरी दिल्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. "ह्या बारीला डबा न्हाय. डबा दिला की तुमी ठिवूनच घेता."

"चुरा होईल की."

"मांडीवर धरून बसा. म्हातारी बाई म्हनून जागा देतील."

जागा मिळाली. सोलापूरपर्यंत एसटीत, पुढे रेल्वेत, मग घाटातून खाली, भाकरी मांडीवरच होत्या. दोनच मोडल्या.

घरी येऊन आठवडा झाला. मागच्या दारातून आता समुद्र दिसत नाही, नव्या सुपारीने तो पुन्हा झाकत आणला आहे. भाकरी आळीत वाटल्या, आम्ही आमच्या सोलकढीत बुडवून खाल्ल्या. फळीवर डब्याच्या जागी एक स्वच्छ गोल उरला आहे. फडकं धुऊन, वाळवून, घडी करून मी त्या गोलावर ठेवलं आहे. ते कोणाचं आहे ते मला ठाऊक आहे. परत द्यायचं, तेही रिकामं नाही.