मनुबाईची दक्षिणोत्तर कबर

मलकापुरात सायकल पंक्चर झाली की नाथाजीकडं जायचं आणि येताना जगाच्या शेवटाची बातमी घेऊन यायचं. "उद्या सकाळी देतो," म्हणायचा, "प्रभू आला न्हाई तर." आमच्या गल्लीतलं ख्रिस्ती घर तेवढं एकच, अगदी माझ्या भिंतीला भिंत. मग मी गप्प कसा बसणार? जाता-येता हाळी द्यायचो, "नाथाजी, आज येतोय का उद्या? ऊस लावू का थांबू?" तो चिडायचा नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधता शोधता म्हणायचा, "लाव गड्या. पर तोडायला असशील का, त्ये बघ."

बहात्तरच्या दुष्काळानं तर त्याची खात्रीच पटली. भूकंप झाला, लढाई झाली, आता पाणी आटलं. त्याच्या शास्त्रात सांगितलं होतं तसंच सगळं. मग भिंतीला गिलावा नाही की पत्र्याचं भोक बुजवणं नाही. दोन दिवसांच्या घराला कशाला? त्याची बायको मनुबाई मात्र बरणीभर लोणचं घालायची, परड्यात शेवगा लावायची.

"वरीसभर कोण ऱ्हातंय हितं?" नाथाजी विचारायचा.

"आला तर त्येलाबी वाढीन की. उपाशी पाठवू व्हय?" ती म्हणायची.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात सांगलीला विश्रामबागेत तीन दिवसांची सभा भरली. शेवटच्या काळाविषयी बोलणारे कुणी मोठे उपदेशक येणार होते. आसपासची पाच-सहा ख्रिस्ती घरं एका ट्रकात बसून निघाली. मनुबाई चार दिवस तापानं पडून होती. नाथाजीचा पाय उंबऱ्यातच घोटाळत होता. ती थांबा म्हणाली नाही, जावा म्हणाली नाही. ते काम मी केलं. "जा बाबा," म्हटलं, "न्हाईतर त्यो तिकडं उतरायचा आन् तू हितं पंक्चर काढत बसायचास." गल्ली हसली. नाथाजी ट्रकात चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई गेली.

माझा भाऊ लालासाहेब पहिल्या एसटीनं सांगलीला धावला. मांडवाच्या दारात बिल्ले लावलेले दोघे उभे होते. "प्रार्थना चाललीय, मधी कुणाला उठवता येत न्हाई." लालासाहेब दिवस मावळेपर्यंत बाहेर उकिडवा बसला.

इकडं ऊन मी म्हणत होतं. आणि आमच्याकडची रीत अशी, की मयत उचलल्याशिवाय गल्लीत चूल पेटत नाही. पोरं भुकेनं रडायला लागली. चार वाजेपर्यंत वाट बघून आम्हीच उचललं. सवाशीण गेली म्हणून माझ्या बायकोनं, साळूबाईनं, तिला मळवट भरला, ओटी भरली. पुरायचं असतं एवढं ठाऊक होतं, म्हणून ओढ्यापलीकडच्या त्यांच्या पुरायच्या जागेत नेलं. तिथल्या जुन्या कबरी कधीच मातीला मिळालेल्या. खड्डा आखायची दोरी मीच धरली. आमच्यात मेलेल्या माणसाला दक्षिणोत्तर ठेवतात. मीही दक्षिणोत्तर धरली. चूक म्हणणारं तिथं कोणी नव्हतं. म्हणणारे सगळे मांडवात.

नाथाजी सकाळी आला. कशी गेली, पाणी मागितलं का, काही विचारलं नाही. कुंकवाचं सांगितलं तेव्हाही मान हलवली. विचारलं एवढंच, "पाय कुनीकडं केलं?"

मी हात करून दाखवला. तो म्हणाला, "आमचं पाय उगवतीला असत्यात. प्रभू तिकडनं येनार. माणूस उठला की समूर त्येचं तोंड दिसाय पायजे. आता हिला दिसायचं न्हाई."

"मान वळवंल की," मी म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

तो खोरं घेऊन ओढ्याकडं निघाला. कराडहून पाळकसाहेब आले, त्यांनी वाट अडवली. "कबर उघडू नका, नाथाजी. देव काही दिशा बघत नाही."

"मग आजवर आमचं पाय तिकडं का करत आलासा?"

पाळकसाहेबांनी नुसता खोऱ्याचा दांडा धरला. नाथाजीनं खोरं तिथंच टाकलं.

त्यानंतर तो कुठल्या सभेला गेला नाही. सायकल "शुक्रवारी देतो" म्हणायचा, पुढं काही नाही. शेवग्याला पाणी घालायचा. एकदा मीच चाचपून बघितलं, "आन् प्रभू आला तर?"

"येऊ दे. मी सांगलीला गेलो तवा तिकडं त्यो न्हवता, आन् हितं ती हुती."

अठ्ठ्याहत्तर साली त्याला कावीळ झाली. मला बोलावून म्हणाला, "सयाजी, माजी दोरी तूच धर. तिच्याशेजारी, तिच्यासारखीच. ती जिकडं बघंल तिकडं मीबी." मी हो म्हणालो. त्याच्या हातावर हात ठेवून म्हणालो.

तो गेला त्या खेपेला कुठं सभा नव्हती. कराडची सगळी माणसं वेळेवर आली, दोरी त्यांनीच आणली आणि पूर्व-पश्चिम ताणली. अगदी नीट, चांगल्या मनानं. पाळकसाहेबांनी मला विचारलंसुद्धा, "नाथाजीचं काही मागणं होतं का?"

चौघांत वाकडं नको म्हणून म्हणा, त्यांच्या धर्मात आपण कशाला म्हणून म्हणा. गावभर वाजणारं माझं तोंड उघडलं आणि म्हणालं, "न्हाई."

मनुबाईच्या पायथ्याला नाथाजी आडवा गेला. खोरं माझ्या हातात होतं. मीही चार खोरी माती लोटली.