मोत्याभोवतीचं कडं

लष्करात मी बावीस वर्षं डॉग हँडलर होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि शिरपूरला घरी आलो. स्फोटकं हुंगणारे कुत्रे हे माझं काम. झुंजीचा कुत्रा मोत्या येईपर्यंत मी पाहिलेला नव्हता.

दोंडाईच्याकडे एका शेतात पत्र्याचं शेड होतं. तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावत. पोलिसांचा छापा पडला तेव्हा एकच कुत्रा जिवंत सापडला. जनावरांच्या डॉक्टर पाटील मॅडम त्याला पिंजऱ्यातून माझ्या अंगणात घेऊन आल्या. वेळ १६३०. कान मुळापासून कापलेले, मानेवर टाक्यांचे व्रण.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन महिने. माणसांत फिरू शकला तर जगेल."

"नाही तर?"

"नाही तर इंजेक्शन, आबा. असा कुत्रा मी कुठे सोडू?"

रोजचा कार्यक्रम ठरला. ०५३० ला तोंडाला जाळी, वीस फुटांची दोरी, पाण्याच्या टाकीपर्यंत चाल. दूरवर माणूस दिसला की तो गुरगुरण्याआधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. माणूस दिसणं म्हणजे अंडं, एवढंच त्याला शिकवायचं होतं. पहिल्या आठवड्यात माणसापासून शंभर पावलं, सहाव्या आठवड्यात वीस. शेजारी आमच्या फाटकासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे जात. माझी बायको लता स्वयंपाकघराची कडी लावूनच पोळ्या लाटायची. खरं सांगायचं तर मीही मोत्याकडे पाठ करत नव्हतो. तोही माझ्याकडे करत नव्हता.

सातव्या आठवड्यात तो माणूस दिसला. लाल मोटारसायकल, तोंडाला रुमाल. ०६१० ला टाकीजवळ उभा. दुसऱ्या दिवशी तिथेच, त्याच वेळेला. तिसऱ्या दिवशी मी गाडीचा नंबर वहीत लिहून घेतला. चौथ्या दिवशी वाऱ्याची दिशा बदलली. मोत्यानं नाक वर केलं आणि शेपूट हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

म्हणजे हा शेडवरचा माणूस. रेकी करतोय. कुत्रा परत न्यायला आलाय.

"कोण रे तू?" मी ओरडलो. त्यानं किक मारली आणि निघून गेला. त्या दिवसापासून फाटकाला दुसरं कुलूप लागलं.

तीन महिने संपायला आठ दिवस होते. मॅडमनी सांगितलं, बाजारच्या दिवशी फिरवून दाखवा. १०१५ ला आम्ही बाजारात शिरलो. भाजीवाले, सायकली, लाउडस्पीकर, सगळं मोत्यानं सहन केलं. मॅडम मागून चालत होत्या. तेवढ्यात भांडीवाल्याच्या गाडीवरून डबे कोसळले. मोत्या भिंतीला चिकटला. लोक बघायला थांबले.

"अरे, हाऊ तर झुंजीना कुत्रा शे!" गर्दीतून कोणीतरी अहिराणीत ओरडलं.

मोबाइल निघाले. मागचे पुढच्यांना ढकलू लागले. बघता बघता आमच्याभोवती माणसांचं कडं झालं. मोत्याचे ओठ वर गेले, पाठीवरचे केस उभे राहिले आणि उभ्यानंच त्याला लघवी झाली. त्यानं डोकं झटकलं. कान नसल्यामुळे जाळीचा पट्टा अडकायला जागा नव्हती. जाळी निसटून गळ्यात आली.

"मागे सरा!" मी परेडचा आवाज काढला. कोणी हललं नाही. मी दोरी मनगटाला गुंडाळली.

गर्दी सारून लाल मोटारसायकलवाला पुढे आला.

"थांब तिथंच!" मी म्हणालो.

त्यानं तोंडावरचा रुमाल काढला, मोत्याकडे पाहिलंच नाही आणि सरळ धुळीत मांडी घालून बसला.

"खाली बसा रे बठ्ठा! उभं ऱ्हावू नका!"

आधी एक म्हातारी बसली, मग भाजीवाली. मॅडम बसल्या. मग पंचवीस-तीस माणसं भर बाजारात खाली बसली. मोत्याचा श्वास हळूहळू उतरला. मी म्हणालो, "सिट." तोही बसला. मी जाळी परत चढवली.

नंतर चहाच्या टपरीवर त्यानं नाव सांगितलं. गोरख. शेडवर कुत्र्यांना खायला घालायच्या कामावर होता.

"बसायला लावायचं तुला कसं सुचलं?"

"आबा, झुंजमा कोन्ही बसत नही."

"आणि रोज चोरासारखा का यायचास?"

"मालकना माणसं आजून गावमा शेतस. पोलिसस्ले फोन मीच करा व्हता. पन उशीर व्हई गया."

घरी गेलो आणि वहीतलं पान फाडलं.

मॅडमनी मोत्याचा कागद माझ्या नावावर केला. अजून तो अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही, पण सकाळी आम्ही दोघं बाजारातून जातो. गोरख रविवारी येतो.

मागच्या महिन्यात तो मला त्या शेडमागे घेऊन गेला. बाभळीखाली दगडांचे चार ढीग होते. छाप्याआधी मेलेले कुत्रे त्यानं एकट्यानं पुरले होते. आमच्या युनिटमध्ये कुत्रा गेला की दुसऱ्या सकाळी फॉल-इनला सगळे रांगेत उभे राहून त्याचं नाव घेत.

"यांची नावं?"

"शेरू. काळ्या. भुरी." गोरख थांबला. "चौथीनं नाव पडनंच नही."

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि तिन्ही नावं मोठ्यानं घेतली. गोरखनं डोक्यावरची टोपी काढली. चौथ्या ढिगापाशी आम्ही दोघंही बराच वेळ तसेच उभे होतो.