फोन आला होता

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, ती तेव्हा जिवंत होती तरी. देवासमोर उभा राहिलो तर तिथेही अर्ध्यावरच थांबतो. आज लिहून काढतोय. चौथीपर्यंत शिकलो, अक्षर अजून चौथीतलंच आहे.

मुलुंडला माझं रद्दीचं दुकान आहे. चाळीस वर्षं झाली. रद्दीवाल्याला वाचता नाही आलं तरी चालतं, पण पुस्तक ओळखता आलं पाहिजे. जाड पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक मी कधी किलोच्या ढिगात टाकलं नाही, वेगळं काढलं. कॉलेजची पोरं शोधत यायची आणि मी बरोबर तेच काढून द्यायचो — कव्हरचा रंग आणि चित्र लक्षात ठेवून. लोकांना वाटलं, याला इंग्रजी येतं. मी नाही म्हणालो नाही. का म्हणू? उलट चष्मा लावून, इंग्रजी पेपर उघडून गल्ल्यावर बसायला लागलो. पानं वेळच्या वेळी उलटायचो.

माझी नात मयुरी. ती चार वर्षांची असल्यापासून तिला मी रद्दीतली चित्रांची इंग्रजी पुस्तकं ‘वाचून’ दाखवायचो. चित्रात अस्वल असलं की अस्वलाची गोष्ट, तिथल्या तिथे रचलेली. ती वाचायला शिकली तेव्हा एकदा म्हणाली, “आजोबा, अस्वल रागावलं असं कुठे लिहिलंय?” मी म्हणालो, “तुमच्या शाळेत अजून तिथवर शिकवलेलं नाही.” त्या दिवसापासून डोळे दुखतात म्हणून मोठ्याने वाचणं बंद केलं.

पण तिला गोडी लागली ती लागलीच. बी.ए. झाली, मग एम.ए. करायचं म्हणाली. सांताक्रूझला, युनिव्हर्सिटीत, इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य दोन्ही एकत्र शिकवतात असा कोर्स. जागा मोजक्या. मला समजावून सांगायची — भाषा आतून कशी चालते तेही कळतं, आणि त्या भाषेत माणसांनी काय लिहून ठेवलंय तेही. “एकाशिवाय दुसरं म्हणजे मिठाशिवाय पेज, आजोबा.” माझा मुलगा विनायक, तिचा बाप, भडकला. “गोष्टी वाचून नोकरी मिळते काय? वाट लागेल तिची.” मी त्याला झापलं. तुला इंग्रजीतलं काय कळतं, म्हणालो. दोन दिवस त्याच्या पंक्तीला जेवलो नाही. तिच्या बाजूने घरात मी एकटा होतो — हे लक्षात ठेवा, कारण पुढचंही मीच केलं.

यादीत तिचं नाव वेटिंगला होतं. शिकवण्या घेताना ती फोन सायलेंटवर ठेवायची, म्हणून फॉर्मवर दुसरा नंबर माझा दिला. दुकानातला माणूस फोन उचलणारच ना?

उचलला. सकाळी अकराच्या सुमाराला. समोर बाकावर प्रधान सर — रिटायर झालेले मास्तर, फुकटात पेपर वाचायला रोज येणारे. पलीकडून एक बाई इंग्रजीत सुरू झाली. भरभर. मला मयुरीचं नाव कळलं. अ‍ॅडमिशन कळलं. टुमॉरो कळलं. बाकी नळ सुटल्यासारखा नुसता आवाज. ‘मराठीत बोला’ एवढंच म्हणायचं होतं. नाहीतर फोन सरांच्या हातात द्यायचा — दोन हातांचं अंतर. पण सर पेपर खाली करून माझ्याकडेच बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, “येस, येस. ओके. थँक्यू मॅडम.” चांगलं जोरात.

“कोण हो?” सरांनी विचारलं.

“क्रेडिट कार्डवाले. डोकं खातात.”

“मग थँक्यू कसलं म्हणता त्यांना?”

“आपण आपली रीत सोडू नये, सर.”

इथवर असतं तर चूक म्हणता आली असती. पण संध्याकाळ राहिली होती.

सगळे जेवायला बसलो होतो. मयुरीच्या फोनवर अनोळखी नंबराचा मिस्ड कॉल होता, परत लावला तर कुणी उचलत नव्हतं. तिने विचारलं, “आजोबा, तुम्हाला कुणाचा फोन आला होता का?”

अजून पुढचा सबंध दिवस हातात होता. हो म्हणालो असतो तर ती सकाळी उठून गेली असती. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न — काय म्हणाले? आणि समोर विनायक.

“नाही,” मी म्हणालो. आणि आमटी वाढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन पुढ्यात ठेवून बसलो. बाई परत करेल. का करेल? तिला तर मी येस म्हणालो होतो.

तिसऱ्या दिवशी मयुरी स्वतःच युनिव्हर्सिटीत गेली. जागा दुसऱ्या मुलीला गेलेली. काल पाचपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन यायचं होतं. तिने तिथूनच मला फोन लावला. “आजोबा, इथल्या मॅडम म्हणतात तुमच्याशी बोलणं झालं. नीट आठवा ना.”

तेव्हा तरी? नाही. मी म्हणालो, “खोटं बोलते ती बाई. त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं.”

तिने फोन बंद केला नव्हता. मला सगळं ऐकू येत होतं. माझी नात त्या बाईशी भांडत होती, चारचौघांत. “माझे आजोबा खोटं बोलणार नाहीत. आणि त्यांना इंग्रजी येतं, कळलं ना? लहानपणी मला त्यांनीच वाचून दाखवलंय.”

मी फोन कानाला धरून बसून राहिलो. घरी आल्यावर तिने माझा फोन बघायला मागितला नाही. कधीच मागितला नाही.

आता ती अंधेरीला एका कंपनीत आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहिते. मीठ आहे, पेज नाही. चीड येते मला — इंग्रजीची येते, प्रधान सरांच्या त्या खाली केलेल्या पेपराची येते, आणि मग कुणाची यायला हवी ते आठवतं. पुढच्या वर्षी परत फॉर्म भर म्हणालो तर म्हणाली, “राहू द्या आजोबा. तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं.” हे वाक्य तिचं नव्हतं.

रविवारी ती दुकानात येते. आपण वाचलेलं एखादं पुस्तक माझ्यासाठी ठेवून जाते — घरात दुसरं कोण आहे इंग्रजी वाचणारं? मी आठवडाभर ते गल्ल्यावर उघडून बसतो, रोज तीस-चाळीस पानं पुढे जातो. मागच्या रविवारी तिने विचारलं, कसं वाटलं?

“बरं आहे,” मी म्हणालो. “शेवट जरा लांबवलाय.”

“हो ना! मलाही अगदी तेच वाटलं,” ती म्हणाली, आणि पिशवीतून दुसरं काढून दिलं.