चारशे जातकं आणि एक फुगलेली बॅटरी

माझा धाकटा भाऊ सांबशिव तंजावुरात आमच्या मराठी लोकांची लग्नं जमवतो. फुकट. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरा उद्योग नाही. चेन्नईपासून बेंगळूरपर्यंत पांगलेल्या घरांतल्या चारशे मुलामुलींची जातकं, म्हणजे जन्मपत्रिका, त्याच्या लॅपटॉपमध्ये आहेत, आणि फक्त तिथेच. पूर्वी एका मुलीचं जातक नको त्या हातांत फिरलं, नको ते बोललं गेलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. तिची आई आमच्या दारात उभी राहून रडली. तेव्हापासून सांबशिव कुणाला कागद देत नाही, मेल पाठवत नाही, प्रत काढत नाही. फोनवर वाचून दाखवतो. ज्याला गरज त्याने लिहून घ्यावं.

असो, ज्याचं व्रत त्याला लखलाभ. पण गेल्या मंगळवारी दुपारी त्याच्याकडे गेले तर टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर वरवंटा!

"हे काय रे?"

"बॅटरी फुगलीय, अक्का. झाकण मिटत नाही. दाबली तर बसेल म्हटलं."

तीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि माझ्या सख्ख्या भावाने लिथियमच्या बॅटरीवर लोणच्यावर ठेवावा तसा दगड ठेवला. वरवंटा उचलून मी अंगणात नेऊन आपटला.

"आत वायू साठलाय, सांबा. भोक पडलं तर पेटेल!"

"म्हणून तर नवी मागवलीय." त्याने खोका दाखवला, बारीक स्क्रूड्रायव्हर दाखवले. इंटरनेटवर कुणीतरी अकरा मिनिटांत बॅटरी बदलली होती म्हणे. "साडेचारला राहुकाळ संपतो. मग उघडतो."

"लिथियमला राहुकाळ कळत नाही. दुकानात दे."

"चारशे घरांची पोरं परक्याच्या हाती देऊ? लग्नं न ठरवायचा आडी महिना संपत आला, आता आवणी. पुढच्या आठवड्यात लोकांचे फोन सुरू होतील. काय तोंड दाखवू?"

"तोंड राहिलं तर दाखवशील!"

याने मिक्सी दुरुस्त केलीय, पंखे दुरुस्त केलेत. त्याच घमेंडीत बसला होता. हात मात्र वर्षभरापासून थरथरतात, कॉफी डबऱ्याच्या वाटीत कमी आणि धोतरावर जास्त पडते. हे मी बोलणार नव्हते. बोलले.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मग तूच सांग, काय करू?"

दक्षिण वीथीत अलमेलु नावाची बाई कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिला फोन लावून सगळं एका दमात सांगितलं.

"अम्मा, जातकं डिस्कमध्ये असतात," ती म्हणाली. "सांबशिव सारच्या समोर डिस्क काढून त्यांच्याच हातात देते. बॅटरी बदलायला मला जातक कशाला? लॅपटॉप बंदच ठेवा आणि या. चार्जिंगला लावू नका."

एवढी साधी गोष्ट दोन शिकलेल्या म्हाताऱ्यांना सुचू नये!

आम्ही रिक्षाने गेलो. साडेचार वाजले नव्हते, आणि त्याने घड्याळाकडे पाहिलंही नाही. अलमेलुने दुकानाबाहेर पायरीवर, वाळूची बादली शेजारी घेऊन झाकण उघडलं. बॅटरीची तार सोडवली, डिस्क काढून सांबशिवाच्या हातात दिली. मग बॅटरी बाहेर आली. काळी, उशीसारखी टम्म, आणि एका कोपऱ्यावर खोलगट वण.

"इथे काय लागलं, सार?"

सांबशिव डिस्क मुठीत धरून पायरीवरच बसला.

संध्याकाळी कुंभकोणमहून वेंकूबाईंचा फोन आला. त्यांच्या गायत्रीसाठी सांबशिव दोन वर्षं मुलगा शोधतोय. बातमी पोचली होती. फोन मीच घेतला.

"लॅपटॉप दुकानात दिला म्हणे? आमच्या गायत्रीचं जातक कुणी बघितलं तर?"

"तुमच्या गायत्रीचं जातक याच्या मुठीत होतं," मी म्हटलं. "त्यापायी याचे डोळे जाणार होते. हा कसा आहे, हे विचारलंत?"



"बरे आहेत ना ते?"

"बरा आहे."

"मग... आवणीत एखादं स्थळ?"

मी फोन सांबशिवाच्या हातात कोंबला आणि चप्पल घालून घरी निघाले.